घरातलं अर्थिंग आणि न्यूट्रल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सव्वीस वर्षं मी साताऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत घरांचं वायरिंग करतोय. या काळात लोकांनी मला विचारलेले निम्मे प्रश्न फिरून एकाच जागी येतात: "न्यूट्रल आणि अर्थ शेवटी एकच ना?" एकच नाही. तो गैरसमज किती महाग पडतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून उत्तरं सविस्तर लिहिली आहेत. ती समजून घेण्यासाठी आहेत. डीबीचं, म्हणजे घरातल्या मुख्य फ्यूज-बोर्डाचं, झाकण उघडून आत हात घालायचं काम परवानाधारक वायरमनचंच.

टेस्टर लावला तर न्यूट्रलवरही दिवा लागत नाही आणि अर्थवरही लागत नाही. मग फरक काय?

घोळ इथूनच सुरू होतो. फेजमधून आलेला करंट तुमचा पंखा फिरवतो आणि न्यूट्रलमधून परत डीपीकडे, म्हणजे आळीतल्या ट्रान्सफॉर्मरकडे, जातो. म्हणजे न्यूट्रल ही कामाची वायर आहे, फेजइतकाच करंट रोज वाहून नेणारी. ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो, म्हणून त्याचं व्होल्टेज जमिनीच्या आसपास राहतं आणि टेस्टर पेटत नाही. पण हे तो अखंड आहे तोवरच. मध्ये कुठे तुटला की घराकडच्या तुकड्यावर, चालू असलेल्या पंख्यातून-ट्यूबमधून, सरळ फेज येऊन बसतो.

अर्थची वायर रोज रिकामी असते. ज्या दिवशी गीझरच्या आत फेज पत्र्याला टेकतो, त्या दिवशी तिचं काम. धरणाचा कालवा आणि सांडवा डोळ्यापुढे आणा. कालव्याला रोज पाणी सुटतं, सांडव्यावरून धरण भरलं तरच जातं. म्हणून कुणी सांडव्याच्या तोंडाशी कालव्याचं पाणी वळवत नाही. घरात न्यूट्रल अर्थला जोडणं म्हणजे नेमकं तेच करणं.

सॉकेट तीन पिनचा आहे, पण अर्थची वायर आलेलीच नाही. वायरमनने न्यूट्रलमधून छोटा लूप मारून दिला. चालेल का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका घरातून फोन आला: "दादा, लाईट गेलीय, पण फ्रीजला हात लावला की शॉक बसतोय." आधी मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. जाऊन पाहिलं तर घरात खरंच अंधार, शेजारी मात्र उजेड. फ्रीजच्या दांडीपासून अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपापर्यंत मीटर लावला, २२१ व्होल्ट. फ्रीजचा सॉकेट उघडला. न्यूट्रलच्या स्क्रूपासून वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या, पिनच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीची काळी वायर, व्यवस्थित वळवून, घट्ट आवळून बसवलेली. मिक्सरच्या आणि वॉशिंग मशीनच्या सॉकेटमध्येही तशीच. मीटरखालच्या टर्मिनलमध्ये न्यूट्रलचा स्क्रू ढिला पडून वायर जळून सुटली होती. त्यामुळे सगळ्या बल्ब-पंख्यांमधून फेज न्यूट्रलच्या पट्टीवर आला आणि त्या तीन लूपांतून थेट तिन्ही यंत्रांच्या बॉडीवर.

यातला सगळ्यांत वाईट भाग हा की न्यूट्रल तुटला की लाईट जाते. माणूस समजतो करंट नाही, आणि निर्धास्तपणे हात लावतो. त्या घरातला सात वर्षांचा मुलगा पाणी घ्यायला फ्रीजकडे गेला होता. पायात रबरी चप्पल होती म्हणून झटक्यावर निभावलं.

असा लूप दुसऱ्या तऱ्हेनेही घात करतो. लाईनचं काम झाल्यावर खांबावर किंवा मीटरपाशी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर सगळं नीट चालत राहतं आणि बॉडीवर चोवीस तास २३० व्होल्ट असतात.

अर्थची वायर नसेल तर ती आणावीच लागते. आणेपर्यंत मोठी पिन मोकळी ठेवणं लूपपेक्षा बरं, पण त्यावर गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर लावू नका.

अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंडची पट्टी चक्क जोडलेली दिसते. मग आपल्याकडेच का नको?

व्हिडिओ खरा असतो, पण तो तिथल्या व्यवस्थेचा. तिथे घराला १२०/२४० व्होल्टचा पुरवठा येतो, दोन फेज वायर आणि मधला न्यूट्रल, वेगळी अर्थ वायर येत नाही. घरातल्या दोषाचा करंट ट्रान्सफॉर्मरकडे परत जायला धातूची एकच वाट असते, ती न्यूट्रलची. म्हणून पहिल्या मुख्य पॅनेलमध्ये, आणि घरात फक्त तिथेच, दोन्ही पट्ट्या जोडणं त्यांच्या नियमात सक्तीचं आहे. त्याच घरात गॅरेजला किंवा बेसमेंटला दुसरं पॅनेल असेल तर तिथे मात्र न्यूट्रल आणि ग्राउंड वेगळे ठेवावेच लागतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींकडून जुन्या घरांबद्दल हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो: दुसऱ्या पॅनेलमध्ये जोड सापडला तर तो दोष समजा आणि तिथल्या लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला दाखवा.

आपल्याकडे, विशेषतः खांबावरून सर्व्हिस वायर आलेल्या घरांत, न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो आणि घराचं अर्थिंग आपल्या अंगणातल्या खड्ड्यात स्वतंत्र असतं. इथे घरात दोन्ही जोडलेत तर तुमच्या वापराचा थोडा करंट कायम तुमच्या खड्ड्यातून वाहत राहील आणि आरसीसीबी (करंटची गळती दिसताच पुरवठा तोडणारा स्विच) एकतर सारखा पडेल किंवा आंधळा होईल. त्याहून वाईट म्हणजे खांबावरचा न्यूट्रल तुटला तर आळीतल्या सगळ्या घरांचा परतीचा करंट तुमच्या खड्ड्याची वाट धरेल. तुमच्या घरातल्या प्रत्येक बॉडीवर करंट, आणि दोष तुमच्या घरात नाहीच.

खड्डा चांगला केलाय. मग बॉडीला फेज लागला तर एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडेलच ना?

बहुतेक वेळा नाही, आणि हे फार कमी जण सांगतात. हिशोब बघा. तुमच्या खड्ड्याचा रोध ३ ओहम धरू, म्हणजे उत्तमच. ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्याचा १ ओहम. एकूण ४. तर २३० भागिले ४, साधारण ५७ अँपिअर. गीझरचा १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला त्यातून पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर जावे लागतात. ५७ ला तो गरम होत होत बऱ्याच सेकंदांनी पडेल. तोवर गीझरच्या बॉडीवर ५७ गुणिले ३, म्हणजे १७० व्होल्ट उभे असतात आणि खाली ओल्या अंगाने कुणीतरी नळ सोडत असतं.

याच जागी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता, तर खड्डा अगदी १०० ओहमचा, म्हणजे टाकाऊ असता तरी २.३ अँपिअर गळती झाली असती आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडला असता. आपल्या पद्धतीच्या अर्थिंगला आरसीसीबीची जोड लागतेच. खड्ड्यावर हजारो रुपये घालून आरसीसीबीला "नंतर बघू" म्हणणारे भेटतात तेव्हा मी हाच हिशोब कागदावर मांडून देतो.

आरसीसीबी नेमका काय करतो? आमच्याकडे त्याला ईएलसीबी म्हणतात.

दुकानात अजून जुनंच नाव चालतं. आत फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत तोलत असतो. दोन्ही सारखे असले तर गप्प. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा अर्थमधून जमिनीत चाललाय, की ०.३ सेकंदाच्या आत तोडतो. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० आणि ३०० चे आगीपासून बचावासाठी वरच्या टप्प्यावर लावतात. इन्व्हर्टर एसी किंवा नवी वॉशिंग मशीन असेल तर ए प्रकारचा मागा, थोडा महाग असतो, पण इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या वेड्यावाकड्या गळतीलाही तो ओळखतो.

दोन गोष्टी तो करत नाही. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात, तो पडणार नाही. आणि जास्त लोड झाला तरी पडत नाही, ते काम एमसीबीचं.

त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. मात्र बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असा अर्थ होत नाही. बटणाचा अर्थिंगशी संबंधच नाही, आतल्या आत एक रोध जोडून तो फरक तयार करतो.

आरसीसीबी बसवल्यापासून सारखा पडतो. वायरमन म्हणतो काढून टाकू.

काढू नका. तो काहीतरी सांगतोय.

जुन्या घरात नव्वद टक्के वेळा, असा माझा अनुभव आहे, न्यूट्रलची सरमिसळ निघते. हॉलच्या बोर्डातला न्यूट्रल कमी पडला म्हणून बेडरूममधून उसना घेतलेला. जोवर साधे एमसीबी होते तोवर काही बिघडत नव्हतं. आता एका आरसीसीबीतून गेलेला करंट दुसऱ्याच वाटेने परत येतो आणि त्याचा तोल जातो. इन्व्हर्टरचंही तसंच. इन्व्हर्टरच्या आउटपुटचा फेज वेगळा ओढतात, पण न्यूट्रल घराचा सामाईक ठेवतात. मग लाईट गेली की, किंवा आली की, आरसीसीबी पडतो. यावर उपाय एकच: इन्व्हर्टरवरच्या पॉइंटना न्यूट्रलही वेगळा ओढायचा आणि डीबीत त्याची पट्टी वेगळी ठेवायची.

न्यूट्रल शुद्ध असेल तर मग उपकरणांकडे वळा. सगळे प्लग काढा, आरसीसीबी चढवा, एकेक प्लग लावत जा. गीझरची कॉइल, गच्चीवरची मोटर, ओलावा शिरलेला बाहेरचा बोर्ड, हे माझे नेहमीचे संशयित.

अर्थिंगचा खड्डा कसा असावा?

आयएस ३०४३ हे आपलं अर्थिंगचं मानक, १९८७ चं, २०१८ मध्ये सुधारलेलं. घराला साधारण ४० मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप, अडीच मीटर लांब, उभा गाडतात. पत्र्याची प्लेट घालायची तर ६०० बाय ६०० मिमीची, जीआय असेल तर ६.३ मिमी जाड. घराच्या भिंतीपासून दीड मीटर तरी लांब. भोवती कोळसा आणि मिठाचे थर. मीठ ओल धरतं आणि मातीतून करंट वाहणं सोपं करतं, पण लोखंड खातं. म्हणून अलीकडे बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) वगैरे भरलेलं केमिकल अर्थिंग लोक पसंत करतात. ते चांगलं टिकतं, पण "कधीच बघावं लागत नाही" हे विक्रेत्याचं बोलणं मानू नका.

सगळा खेळ मातीचा आणि ओलीचा. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माप सुंदर येतं, आणि मे महिन्यात तीच जमीन आकसून भेगाळते, पाइपापासून सुटते. डोंगराच्या अंगाला तीन फुटांवर काळा पाषाण लागतो. तिथे एका खड्ड्याने भागत नाही, दोन किंवा तीन पाइप अंतर ठेवून गाडायचे आणि एकमेकांना जोडायचे. कोकणातल्या जांभ्याच्या कातळावरही तोच प्रकार. म्हणून माप उन्हाळ्यात घ्यावं. एप्रिल-मेमध्ये ५ ओहमच्या आत आलं तर वर्षभर निश्चिंत. वर फनेल ठेवून उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायची जुनी पद्धत अजिबात वेडेपणाची नाही.

खड्ड्यापासून डीबीपर्यंतची पट्टी किंवा वायर जिथे पाइपाला बोल्टने जोडलेली असते, तो जोड पहिला सडतो. चेंबरचं झाकण उचलून तो वर्षातून एकदा पाहा.

घरात अर्थिंग आहे की नाही, हे कसं कळेल?

मल्टिमीटर असणाऱ्यांनी सॉकेटवर तीन मापं घ्यावीत. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ एक ते तीन व्होल्ट. फेज-अर्थ ६०-९० असं काहीतरी अधांतरी आलं तर अर्थ तुटलेलं आहे. न्यूट्रल-अर्थ गीझर चालू असतानाही अगदी शून्य आलं तर आनंदू नका, तो बहुधा वर सांगितलेला लूप आहे.

फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून "बघा, लख्ख पेटला, अर्थिंग एक नंबर" म्हणायची पद्धत सर्रास आहे. १०० वॅटचा बल्ब जेमतेम ०.४३ अँपिअर घेतो. खड्डा ५० ओहमचा, म्हणजे निकामी असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. वायर कुठेतरी जमिनीला टेकली आहे, एवढंच बल्ब सांगतो. आणि वायर खड्ड्यापाशी तुटलेली असेल तर त्या बल्बमधून तुम्ही घरातल्या सगळ्या बॉडींवर फेज सोडता. खरं माप अर्थ टेस्टरचं, दोन खुंट्या दूर ठोकून घेतलेलं.

नवा फ्लॅट आहे, प्रत्येक बोर्डात हिरवी वायर आहे. मग अर्थिंग असणारच?

हिरवी वायर असणं आणि ती जमिनीत पोहोचलेली असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. एका चार मजली इमारतीत मी तळमजल्यापर्यंत हिरवी वायर शोधत गेलो. मीटरच्या खोलीत ती पाइपातून खाली उतरली होती आणि फरशीच्या वर वीतभर, सिमेंटच्या गिलाव्यात, टोक तसंच चिणलेलं होतं. खड्डा खोदलाच नव्हता. सोळा कुटुंबं सहा वर्षं त्या भरवशावर राहत होती. आणि अशा इमारतीत एका फ्लॅटच्या गीझरचा फेज बॉडीला लागला की त्या जोडलेल्या हिरव्या वायरीतून सोळाही घरांतल्या बॉडींवर एकदम करंट येतो, याचा मला आजही संताप येतो. सोसायटीच्या सभेत खड्डा कुठे आहे ते प्रत्यक्ष दाखवायला सांगा, आणि मापाचा तारखेसह कागद मागा.

लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. बिघाड आहे का?

बहुतेक नाही. चार्जरमधल्या फिल्टरमुळे बॉडीवर पुरवठ्याच्या निम्मं, सुमारे ११५ व्होल्ट दिसतं, पण त्यामागचा करंट एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो. तीन पिनचा चार्जर खऱ्या अर्थिंगच्या सॉकेटला लावला की झिणझिण्या थांबतात. थांबल्या नाहीत तर सॉकेटचं अर्थ नाही.

न्यूट्रल तुटल्यावर टीव्ही-फ्रीज का जळतात? लाईट जायला हवी ना?

एकट्या घराचा न्यूट्रल तुटला तर जातेच. पण डीपीकडून येणारा तीन फेजचा सामाईक न्यूट्रल तुटला तर वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या मालिकेत येतात आणि त्यांच्यात ४०० व्होल्ट वाटले जातात, तेही उलट्या न्यायाने. समोरच्या घरात २००० वॅटचा गीझर चालू आणि तुमच्याकडे फक्त १०० वॅटचा टीव्ही, तर तुमच्या टीव्हीवर जवळपास ३८० व्होल्ट येतात. दिवे एकदम झगझगीत किंवा मलूल झाले, पंख्याचा आवाज बदलला, तर काही न बघता मेन बंद करा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. तीन फेजचं कनेक्शन असेल तर जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं यंत्र बसवून घ्या.

न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीही नको. जुन्या वाड्यांत दोन्ही वायरींवर किटकॅट फ्यूज दिसतात. न्यूट्रलचा काढून तिथे सलग जोड करून घ्या.

गावाकडे न्यूट्रल गेला की जमिनीत गज ठोकून त्यावर बल्ब लावतात. वर्षानुवर्षं चाललंय.

चाललंय, कारण एका बल्बला थोडाच करंट लागतो. पण गजाभोवतीची जमीन तेव्हा जिवंत असते. गजापाशी व्होल्टेज जास्त, दोन पावलांवर कमी. माणसाच्या दोन पायांत वीतभर अंतर, बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फूट. म्हणून ओल्या गोठ्यात जनावर आधी जातं. आणि तो गज कुणी उपटला तर हातातल्या टोकावर फेज असतो. कृपा करून हे थांबवा. गोठ्याजवळ तर नकोच.

वायरींच्या रंगांचा काही नियम?

घराच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. तीन फेज असतील तर लाल, पिवळा, निळा. मात्र उपकरणाच्या दोरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. म्हणजे भिंतीत निळा फेज असू शकतो आणि दोरीत तोच न्यूट्रल. प्लग बदलताना इथेच चुका होतात. सॉकेटसमोर उभं राहिलं की मोठी पिन वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. स्विच नेहमी फेजमध्ये.

कुणी शॉक लागून चिकटलं तर?

हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी दांडक्याने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर बाजूला ढकला. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला शंभर-एकशेवीस या गतीने जोरात दाबत राहा, दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला, "काही झालं नाही" म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.